व्हायरसच्या खोट्या इशाऱ्यांची आधी शहानिशा करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'अमुक नावाचा ईमेल उघडू नका, हार्ड डिस्क पुसली जाईल, ओळखीच्या सगळ्यांना ताबडतोब कळवा' असे संदेश अजूनही फिरत असतात. शिकलीसवरलेली माणसे ते निव्वळ काळजीपोटी पुढे धाडतात. हेतू चांगला असला तरी नुकसान व्हायचे ते होतेच, म्हणून हे पत्र.

प्रकार जुनाच आहे. १९९४ च्या अखेरीस 'गुड टाइम्स' नावाच्या व्हायरसचा इशारा पसरला. त्या शीर्षकाचा ईमेल नुसता वाचला तरी प्रोसेसर 'एन्थ कॉम्प्लेक्सिटी इन्फिनिट बायनरी लूप'मध्ये अडकून निकामी होईल, अशी भर त्यात पुढे पडली. हवाला होता अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचा. असा व्हायरस कधी नव्हताच. ते भारदस्त शब्द निरर्थक होते, आणि दूरसंचाराचे नियमन करणारे ते कमिशन व्हायरसचे इशारे देतच नाही. पण एवढे तपासतो कोण?

याहून घातक प्रकार २००१ मधला. 'सल्फनबीके डॉट ईएक्सई' ही फाइल म्हणजे व्हायरस आहे, अँटीव्हायरसला तो सापडत नाही, शोधून लगेच डिलीट करा, असा तो संदेश होता. लोकांनी शोध घेतला आणि फाइल खरोखरच सापडली! सापडणारच, ती विंडोज ९८ चाच भाग होती, फाइलींची लांब नावे पूर्ववत करण्यासाठी दिलेली. पण 'सापडली' हाच लोकांना पुरावा वाटला. त्यांनी ती स्वतःच्या हाताने उडवली आणि संदेश पुढे पाठवला. पुढच्याच वर्षी टेडी बेअरचे चित्र असलेल्या दुसऱ्या एका विंडोज फाइलबाबत हेच घडले. ईमेलमध्ये सांगितले म्हणून सिस्टिममधली फाइल कधीही डिलीट करू नये, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन.

मात्र भीतीदायक इशारा म्हणजे खोटाच, असेही धरून चालू नये. 'आय लव्ह यू' हा २००० सालचा वर्म, म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, खरा होता. ईमेल नुसता वाचून काही होत नाही हेही छातीठोकपणे सांगता येत नाही. १९९९ मध्ये 'बबलबॉय' या वर्मने आउटलुक या ईमेल प्रोग्राममध्ये नुसत्या वाचण्यानेही लागण शक्य असल्याचे दाखवले होते. त्यामुळे अंदाज बांधत बसण्यापेक्षा पडताळणी करणे बरे.

ती दोन मिनिटांत होते. संदेशातले एखादे ठळक वाक्य जसेच्या तसे अवतरणचिन्हांत घालून सर्च करावे. अफवा जुनी असेल तर ती खोडून काढणारी पाने लगेच समोर येतात. मग अँटीव्हायरस कंपनीच्या संकेतस्थळावर जावे, तेही पत्ता स्वतः टाइप करून. संदेशातल्या लिंकवर क्लिक करू नये आणि 'उपाय' म्हणून जोडलेली फाइल तर मुळीच उघडू नये, कारण खरा व्हायरस तिथेच असू शकतो. खऱ्या सूचनेत तारीख असते, कोणत्या प्रोग्रामच्या कोणत्या आवृत्तीला धोका आहे ते असते, अपडेट कुठे मिळेल तेही असते. खोट्यात मात्र 'कालच शोध लागला' एवढेच. हा 'काल' वर्षानुवर्षे तसाच फिरत राहतो. आणि 'सर्वांना पाठवा' ही विनवणी दिसली की तिथेच थांबावे.

अशा दहा खोट्या इशाऱ्यांनंतर अकरावा खरा आला तर तो कोणी वाचेल का, याची मला खरी चिंता वाटते. म्हणून आपणही वाचकांकडून आलेला असा मजकूर शहानिशा झाल्याखेरीज छापू नये, ही विनंती. वाचकांना एवढेच सांगणे की, खोटा इशारा आला तर पाठवणाऱ्याला एकट्यालाच, खुलाशाच्या पानाची लिंक देऊन, सौम्य शब्दांत कळवावे आणि ज्यांना तो पाठवला त्यांनाही कळवायला सांगावे. 'रिप्लाय ऑल' करू नये.

आपला,
एक वाचक