नव्याण्णवांकडे कोण बघतं?

पुणे, रविवार रात्र

प्रिय आई, बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

फोन केला असता तर दोन मिनिटांत भांडण झालं असतं, म्हणून कागद घेतलाय. बाबा, चष्मा लावा. आणि आईला वाचून दाखवताना मधली वाक्यं गाळू नका, तुमची ती सवय मला माहीत आहे.

गेल्याच्या गेल्या शनिवारी घरी देवाचे आभार मानायला उपकारस्तुतीची सभा झाली. मला कळलं मंगळवारी, मावशीकडून. "चाळीस पानं उठली गं, मटण काय झालं होतं! तू का नाही आलीस?" मी वॉर्डात हात धुऊन नुकतीच फोनला लागले होते. फोन ठेवला आणि परत जाऊन हात धुतले. उगाच.

तीन वर्षांनी धाकटा घरी आला. व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडून पुरते दहा दिवस झाले नव्हते, आणि तुम्ही अंगणात मांडव घातलात. त्या संध्याकाळी काय वाचलं असेल हे मावशीला विचारावं लागलं नाही. लूकचं शुभवर्तमान, अध्याय पंधरावा: वाटा घेऊन घर सोडलेला, सगळं उधळून परत आलेला धाकटा मुलगा, आणि त्याच्यासाठी पुष्ट वासरू कापणारा बाप. तुमच्या बायबलचं ते पान हात लावला तर सुटून येईल इतकं झिजलंय.

योगायोग बघा, त्या गोष्टीतल्या थोरल्यालासुद्धा घरातल्यांनी सांगितलंच नव्हतं. तो शेतावरून येतो, वाजंत्री ऐकतो आणि एका गड्याला विचारतो, हे काय चाललंय. वासरू कापून झालेलं, पंगत बसलेली. मला गड्याच्या जागी मावशी.

तुम्हाला आठवतं का ठाऊक नाही, मी आठ-नऊ वर्षांची असेन. संडे स्कूलमध्ये तुम्ही फ्लॅनेलच्या फळ्यावर कापडी मेंढरं चिकटवत होता. शंभरातलं एक हरवलं, मेंढपाळ बाकीची रानात सोडून त्याच्यामागे गेला. मी हात वर केला, "मग नव्याण्णवांकडे कोण बघतं?" पोरं हसली. तुम्ही मागे वळूनसुद्धा न बघता म्हणालात, "ती शहाणी असतात."

बाबा, तेव्हापासून मी शहाणी आहे. शहाणी म्हणूनच नर्सिंगला गेले, कारण फी कमी होती. आईच्या बांगड्या कपाटातून गेल्या तेव्हा पोलिसात जायचं नाही हे तुम्ही ठरवलंत, आणि त्या सोनाराकडून सोडवून आणल्या मी, दोन वर्षं नाइट ड्यूट्या करून. हिशेब काढत नाहीये. काढतेय, थोडासा काढतेय.

थोरलासुद्धा काढतो. "इतकी वर्षं तुमची चाकरी केली, मला कधी मित्रांबरोबर मजा करायला साधं करडू दिलं नाहीत." इथल्या पाळकांनी उपवासकाळात या अध्यायाचा अभ्यास घेतला होता. मूळ ग्रीकमध्ये तो चाकरीसाठी गुलामीचा शब्द वापरतो म्हणे. मी घरी येऊन पुन्हा वाचलं, आणि मला आणखी दोन गोष्टी दिसल्या. धाकटा बोलायला तोंड उघडतो तेव्हा त्याचा पहिला शब्द "बापा" असतो. थोरला आख्ख्या भांडणात एकदाही बापाला बाप म्हणत नाही. आणि "तुमची संपत्ती कसबिणींवर उडवली" असं तो म्हणतो ना, ते वर कुठेही लिहिलेलं नाही. वर नुसतं उधळेपणाने उडवली एवढंच आहे. कसबिणी थोरल्याच्या मनातल्या. वाचता वाचता कान गरम झाले माझे, कारण आपल्या धाकट्याबद्दल मी मावशीला काय काय सांगत आलेय ते मलाच ठाऊक. त्यातलं अर्धं मी पाहिलेलंही नाही.

पण थोरल्याची बाजूही खरी आहे हं. मोशेच्या नियमशास्त्रात वडील मुलाला दुप्पट वाटा. म्हणजे दोन भावांत धाकट्याला एक तृतीयांश, तो त्याने नेला आणि संपवला. बापाने वाटणी दोघांनाही करून दिली होती. उरलं ते सगळं थोरल्याच्या नावचं. ते पुष्ट वासरूही त्याच्याच वाट्यातलं, आणि त्यालाच न विचारता कापलेलं! बाप म्हणतो, "माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे." हा काही लाडाने काढलेला शब्द नाही, सातबाराच तसा आहे.

आई, तुझी कुडी आठवते का गं? मोत्याची, डाव्या कानातली. मुकुंदनगरच्या भाड्याच्या घरात पडली होती. लाइट गेलेली, तू चिमणी घेऊन शहाबादी फरशीच्या फटीफटीतून खराट्याची काडी फिरवत होतीस. पदर खोचलेला, कपाळाला काजळी. रात्री अकराला फटीतल्या मातीत ती सापडली आणि तू ओरडलीस ते शेजारच्या दोन्ही बिऱ्हाडांना ऐकू गेलं. मग सगळ्या बायकांना उठवून चहा. महिन्याची साखर त्या रात्रीत निम्मी झाली. बाबा म्हणाले, कुडीपेक्षा चहाच महाग पडला.

त्याच अध्यायातल्या हरवलेल्या नाण्याच्या दृष्टांतातली बाई तूच. दहा नाण्यांतलं एक, मजुराचा साधारण एका दिवसाचा रोज. दिवा लावते, घर झाडते, सापडल्यावर मैत्रिणी-शेजारणींना गोळा करते. लोक मेंढराचा दृष्टांत सांगतात, उधळ्या पुत्राचा सांगतात, या बाईला मधल्यामधे उरकून टाकतात. मला मात्र तीच फार आवडते. कारण नाणं काहीच करत नाही. मेंढरू निदान ओरडत तरी असेल. नाणं जिथे पडलं तिथे पडून राहतं, आणि येशू त्याच्यावरून पश्चात्तापाबद्दल बोलतो.

त्याच ठिकाणी आनंदाचं वचन आहे. आपण सर्रास म्हणतो, एक पापी फिरला की देवदूत आनंद करतात. वचनात आहे "देवाच्या दूतांसमोर". त्यांच्यासमोर कुणीतरी आनंद करतंय, दूत नुसते बघताहेत. त्या रात्री आम्ही पोरं गोधडीतून डोकी काढून तुझ्याकडे बघत होतो ना, तसे. एवढीशी कुडी आणि आई नाचतेय कशाला, हे आम्हाला कळत नव्हतं. दूतांना तरी कळत असेल का?

आता माझं खरं दुखणं सांगते. मांडव घातलात याचा राग आहेच, पण त्याहून मोठा राग घाईचा. मी वॉर्डात रोज बघते. माणसं सुटून जातात, महिन्याभरात त्याच खाटेवर परत येतात, घरच्यांनी वाटलेल्या पेढ्यांचा रिकामा पुडा अजून पिशवीत असतो. माझं म्हणणं होतं सहा महिने थांबा. वर्षभर राहू दे नीट, मग करा काय करायचं ते.

पण अध्याय कितीदाही उलटा करून वाचला तरी थांबणारं त्यात कुणी सापडत नाही. मुलगा अजून लांब आहे तोवरच बाप धावतो. अंगात लांब झगा, पळायचं तर हाताने उचलून धरावा लागणार, त्या वयाला शोभतं का ते! पोराने वाटेत भाषण पाठ केलेलं असतं: मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला मजुरीवर ठेवा. पहिली दोन वाक्यं म्हणून होतात, मजुरीचं वाक्य तोंडातच राहतं. तेवढ्यात झगा आणा, बोटात अंगठी, पायांत जोडा. परदेशात डुकरं राखून आलेलं पोर, आधी आंघोळ तरी घाला! माझ्यातली नर्स तिथे दर वेळी अडखळते.

आणि उद्या ते पुन्हा गेलं तर? त्याबद्दल अक्षर नाही. मेंढरू पुन्हा चुकणारच नाही असंही कुठे म्हटलेलं नाही. फिरला, एवढ्यावर स्वर्गात आनंद. वर्षभर टिकला का, हे विचारायला कुणी थांबत नाही.

मला हे पटलंय असं म्हणत नाही. मला ते जमत नाही, एवढं कळलंय.

बाबा, एक मात्र तुमच्या नजरेतून सुटलं. त्या गोष्टीत बाप दोनदा बाहेर येतो. एकदा धाकट्यासाठी रस्त्यावर, आणि एकदा पंगत सोडून थोरल्यासाठी अंगणात. त्याची विनवणी करतो, त्याला "बाळा" म्हणतो. थोरला "हा तुमचा मुलगा" म्हणतो, तर बाप हळूच दुरुस्ती करतो, "हा तुझा भाऊ". मग थोरला आत गेला की नाही हे लूकने लिहिलेलंच नाही. पुढे थेट सोळावा अध्याय. आणि ऐकायला कोण होतं? जकातदार नि पापी यांच्या पंक्तीला बसतो म्हणून येशूवर कुरकुरणारे, नियमशास्त्र काटेकोर पाळणारे परूशी आणि शास्त्री. म्हणजे गोष्ट शहाण्यांनाच सांगितलेली.

मी येतेय. येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने, दौंडवरून. वाटेत केडगाव लागेल (दौंडच्या अलीकडचं, आपलं नगरचं नव्हे). लहानपणी तुम्ही खिडकीतून दाखवायचात, इथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, जगाने टाकलेल्या बायकांसाठी इथे त्यांनी कृपासदन काढलं. 1922 मध्ये वारल्या, तोवर हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणायचं काम हातात होतं. मी विचारलं होतं, त्या बायका परत पळून गेल्या तर? मी तशीच होते तेव्हापासून.

बाबा, स्टेशनवर तुम्ही या. एकटे या, धाकट्याला पाठवू नका. त्याला मी आपल्या फाटकाशी भेटेन. आणि धावायचं नाही, गुडघे सांभाळा, जायला-यायला रिक्षा करा. आई, मटणबिटण नको. पिठलं कर, आणि भाकरी मी पाटावर बसल्यावरच टाक.

तुमची,
ताई

ता.क. त्याच्याकडे धड जोडे आहेत का? आधी नऊ नंबर लागायचा. बघून शुक्रवारपर्यंत मेसेज करा, लक्ष्मी रोडला जाणारच आहे.