छत्री धरणाऱ्या ताईंना
रविवारी मुंबईच्या फोर्टातल्या वारसा फेरीत ओव्हल मैदानाशी पोचलो आणि सर आली. छत्री घरी, गुडघा आधीच कुरकुरत होता. ज्या ताईंनी न विचारता माझ्यावर छत्री धरली, ज्या चहावाल्या दादांनी बसायला स्टूल दिलं, त्यांची नावं विचारायची राहूनच गेली. तुमच्यामुळे पुढचं ऐकता आलं: १८७८चा राजाबाई टॉवर हा घड्याळाचा मनोरा, त्यासाठी व्यापारी प्रेमचंद रायचंदांनी दिलेली देणगी आणि त्याला मिळालेलं त्यांच्या आईचं नाव. मैदानाच्या एका अंगाला टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीतल्या इमारती, दुसऱ्या अंगाला विसाव्या शतकातल्या आर्ट डेको शैलीतल्या. २०१८ पासून दोन्ही मिळून जागतिक वारसा. चाळीस वर्षं चर्चगेटहून धावत ऑफिस गाठलं, मान वर केलीच नाही! माहिती सांगणाऱ्या मुलाचेही आभार. घसा बसला तरी थांबला नाही. आणि ताई, तुमचा डावा खांदा पार भिजला होता, मी पाहिलं.