मशीन आहे, कार्ट्रिज संपल्यात! थोडा हातभार लावा

मंडळी नमस्कार. कोविडच्या वेळी सावंतवाडी-दोडामार्ग भागातल्या आपल्या मंडळाने वर्गणी काढून धर्मादाय दवाखान्याला ब्लड गॅसचं मशीन (रक्तातला ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि आम्लपणा म्हणजे पीएच मोजणारं) घेऊन दिलं होतं, आठवत असेल, पेढे पण वाटले होते आपण. तर ते मशीन ठणठणीत आहे पण सध्या कापडाखाली झाकून पडलंय, कारण टेस्टसाठी त्यात घालायच्या कार्ट्रिज संपल्यात. मशीनला देणगीदार पटकन मिळतो, वर नावाची पाटी लावता येते ना. कार्ट्रिजवर कोण नाव घालणार, ती संपली की कचऱ्यातच जाते (स्पष्ट बोललो, राग मानू नका).

बरेच जण विचारतात, सॅम्पल बाहेर पाठवा की, थायरॉईडचं पाठवताच ना! बरोबर, टीएसएचसारख्या हार्मोनचं सॅम्पल सीरम (रक्तातला पेशी नसलेला पातळ भाग) वेगळं करून थंड डब्यात ठेवलं की मोठ्या लॅबला जाऊ शकतं, बाळाच्या टाचेतून कागदावर घेतलेला रक्ताचा थेंब तर वाळवून टपालाने पण जातो. ब्लड गॅसचं तसं नाही. मनगटाच्या धमनीतून हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) सिरिंजमध्ये रक्त घेतलं तरी त्यातल्या पेशी जिवंतच असतात, त्या ऑक्सिजन खात राहतात, ॲसिड बनवत राहतात, हवेचा बुडबुडा राहिला तरी आकडे बदलतात. त्यामुळे अर्ध्या तासाच्या आत टेस्ट झाली पाहिजे. म्हणजे एकतर इथे मशीन चालू पाहिजे नाहीतर पेशंटलाच गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं, आणि तोवर इथे डॉक्टर अंदाजाने उपचार करणार.

आता घरोघरी ऑक्सिमीटर आहे त्यामुळे लोकांना वाटतं ९७ दिसतंय म्हणजे झालं. पण ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही हो. मण्यार चावलेला माणूस, फवारणीचं औषध पोटात गेलेला माणूस, जुनाट दम्याचे आजोबा, यांचा श्वासच कमी पडत असतो, ऑक्सिजन लावला की आकडा छान दिसतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत राहून पेशंटला गुंगी येते. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा तिथल्या डॉक्टरांचीही अशीच फसगत होत होती. रक्तात बायकार्बोनेट (आम्लपणा मारणारा क्षार) वाढलेलं बघून त्यांना वाटलं भलतंच काही, शेवटी पीएच मोजला तेव्हा कळलं की श्वासच पुरत नाहीये, आणि मग मेडिकलची पोरं पाळ्या लावून हाताने हवेची पिशवी दाबून पेशंटना श्वास देत बसली. ब्लड गॅस मशीनचा जन्म साधारण त्याच धावपळीतला.

आणि आपल्याकडे शुगरवाले किती आहेत! इन्शुलिन म्हणजे पण हार्मोनच, ते फारच कमी पडलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून बनणारी कीटोन नावाची ॲसिडं वाढतात आणि रक्त आम्ल होतं. उलट्या, पोटदुखी, धाप, घरच्यांना वाटतं ॲसिडिटी. पीएच ७.३५ ते ७.४५ पाहिजे, तो ७.४ वरून ७.१ वर आला तर फरक चिमूटभर वाटतो पण रक्तातलं ॲसिड दुप्पट झालेलं असतं. सलाईन आणि इन्शुलिनची ड्रिप चालू केल्यावर पेशंट सुधारतोय का, पोटॅशियम घसरतंय का, हे बघायला परत परत टेस्ट लागते. एका पेशंटला एक कार्ट्रिज असा हिशोब इथे चालत नाही.

तर मागणं एवढंच. एकरकमी मोठी देणगी नको असं नाही, पण आम्हाला दर महिन्याला थोडे थोडे देणारे हवेत, शंभर-दोनशे पण चालतील, कारण कार्ट्रिजला मुदत असते, एकदम साठा करून ठेवला तर फुकट जातो. मुंबई-पुण्यातल्या नि गोव्यात नोकरीला असलेल्या पोरांनी ऑटो-पे लावलात तर फार बरं. पैसे थेट मंडळाच्या खात्यावर भरा आणि पावती मागून घ्या, कोणाच्या हातात कॅश देऊ नका, आमच्यापैकी कोणी मागितली तरी. कंपनीचं कोटेशन आणि महिन्याचा हिशोब दवाखान्याच्या नोटीस बोर्डावर लावतोय, येऊन बघा.

अजून एक, कार्ट्रिज फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात आणि पावसात लाईट कशी जाते ते तुम्हाला माहितीच आहे. कोणाकडे चांगल्या स्थितीतली इन्व्हर्टरची बॅटरी असेल तर मृगाच्या आधी कळवा.