शोधमालिकेच्या घसरलेल्या दर्जाविषयी तक्रार

प्रति,
मा. कार्यक्रम प्रमुख व मा. निर्माते

विषय : आपल्या शोधमालिकेच्या अलीकडील पर्वांतील लेखनाचा दर्जा, प्रेक्षकांपासून दडवले जाणारे धागेदोरे आणि दिशाभूल करणारी जाहिरात याबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या वाहिनीची मी वर्गणीदार आहे, आणि ज्या एका मालिकेसाठी मी ही वर्गणी घेतली व आजवर चालू ठेवली, त्या शोधमालिकेविषयीच हे पत्र आहे. पहिल्या तीन पर्वांनी आम्हा प्रेक्षकांना जे भरभरून दिले, ते चौथ्या पर्वापासून ओसरू लागले आणि नुकत्याच संपलेल्या सहाव्या पर्वात त्याचा मागमूसही राहिला नाही. एखादी मालिका आवडेनाशी झाली म्हणून कोणी तक्रार करू नये, हे मला मान्य आहे; आवडनिवड ज्याची त्याची असते. माझे म्हणणे वेगळे आहे. तपासाची, तर्काची आणि उलगड्याची मालिका म्हणून आपण ही मालिका आजही आमच्यापुढे ठेवता, परंतु तिच्यात आता तपास नाही, तर्क नाही आणि ज्याला उलगडा म्हणावे असेही काही नाही.

मुळात या मालिकेत काय होते, हे आपल्या सध्याच्या लेखन-चमूला ठाऊक असेल याची मला खात्री वाटत नाही, म्हणून पहिल्या पर्वातील एका भागाची आठवण करून देते. बंद खोलीत एका वृद्ध व्यापाऱ्याचा मृतदेह सापडतो. शरीराचे तापमान पाहता मृत्यू नुकताच झाला असावा असे वाटते, आणि त्या वेळी प्रत्येक संशयित दुसरीकडे असल्याचे सिद्ध होते. डॉक्टर मात्र एक गोष्ट सांगून ठेवतात, की शरीराला आलेला ताठरपणा इतक्या कमी वेळात येण्यासारखा नाही. हे वाक्य संथपणे, कोणताही गाजावाजा न करता येते आणि निघून जाते. त्याआधी, भागाच्या अगदी पहिल्या दृश्यात, मेजावरच्या मेणबत्त्या न पेटवताच एका बाजूला वाकलेल्या दिसलेल्या असतात. शेवटी आपला तपास अधिकारी या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवतो : खोली रात्रभर मुद्दाम तापवून ठेवली होती, त्यामुळे शरीर थंड व्हायला वेळ लागला, ताठरपणा मात्र उष्णतेने लवकर आला, आणि त्याच उष्णतेने मेणबत्त्या मऊ होऊन वाकल्या. मेणबत्त्या आम्ही सर्वांनी पाहिल्या होत्या आणि डॉक्टरांचे वाक्यही ऐकले होते. ते जुळवणे आम्हाला जमले नाही, आणि न जमल्याचा जो आनंद झाला तो मी अजून विसरलेले नाही. तो भाग लगेच पुन्हा पाहावासा वाटला, आणि दुसऱ्यांदा पाहतानाही त्यात कुठे खोट सापडली नाही.

हा प्रामाणिकपणा रहस्यकथेच्या परंपरेतूनच आलेला आहे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले होते. गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच वाचकाला भेटलेला असावा, शोध घेणाऱ्याला सापडलेला धागा वाचकापासून लपवू नये, आजवर कोणाला माहीत नसलेले विष वापरू नये, योगायोगाने तपास अधिकाऱ्याला मदत करू नये, आणि वाचकाची आधी तयारी करून घेतल्याशिवाय जुळी भावंडे कथेत आणू नयेत, हे त्यांतलेच काही. नियम मोडूच नयेत असे मी म्हणत नाही. नॉक्स यांनीही ते काहीसे खेळकरपणे लिहिले होते. 1970 च्या दशकातील ‘कोलंबो’ या अमेरिकी मालिकेत तर खुनी कोण हे प्रेक्षकाला बहुधा सुरुवातीलाच दाखवले जाई, आणि तरीही ती मालिका खिळवून ठेवत असे, कारण कोलंबो त्याच्यापर्यंत पोहोचतो कसा ही वाट ती प्रेक्षकासमोर उघडी ठेवत असे. ‘एलरी क्वीन’ ही 1975 साली सुरू झालेली मालिका याहून पुढे गेली होती. उलगड्याच्या आधी नायक थेट कॅमेऱ्याकडे वळून प्रेक्षकाला विचारी, की आता सर्व धागे तुमच्याकडेही आहेत, तर गुन्हेगार कोण ते सांगा पाहू. आपल्या सहाव्या पर्वातील एकाही भागात हा प्रश्न प्रेक्षकाला विचारण्याचे धाडस आपल्या लेखकांना झाले नसते, कारण धागे प्रेक्षकाकडे नसतातच. तपास अधिकारी एक पत्र वाचतो आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर राहतो. त्या पत्रात काय होते हे आम्हाला शेवटच्या पाच मिनिटांत कळते. चौथ्या भागातील मारेकरी तर त्या पाच मिनिटांपूर्वी पडद्यावर एकदाही आलेला नव्हता.

माझ्या तक्रारीतील सर्वांत गंभीर भाग मात्र अंतिम भागाविषयीचा आहे. पर्वाच्या मध्यावरच अनेक प्रेक्षकांनी संग्रहालयाच्या व्यवस्थापिकेवर संशय व्यक्त केला होता आणि त्यामागची कारणेही नेमकी सांगितली होती : तिच्याकडील किल्ल्यांचा जुडगा, डाव्या हाताने केलेली सही, आणि तिने दिलेली दोन परस्परविरोधी उत्तरे. हे सर्व धागे लेखकांनीच पेरलेले होते. पुढे आपल्याच एका निर्मात्यांनी मुलाखतीत अभिमानाने सांगितले, की प्रेक्षकांना आधीच अंदाज आल्यामुळे शेवट बदलण्यात आला. त्यानुसार खुनी निघाला एक दूरचा पुतण्या, ज्याच्या विरोधात अख्ख्या पर्वात एकही पुरावा नव्हता आणि ज्याची सही उजव्या हाताची असल्याचे आम्ही पाहिले होते. व्यवस्थापिकेकडे बोट दाखवणाऱ्या तीनही गोष्टींचे पुढे काय झाले, याचे उत्तर कोणी दिले नाही.

प्रेक्षकाने गुन्हेगार ओळखला, तर तो लेखकाचा पराभव आहे ही समजूत मला अतिशय दुःखद वाटते. काही प्रेक्षकांनी ओळखला याचा अर्थ धागे खरे होते, पुरेसे होते आणि कोणीतरी ते मन लावून पाहत होते. शेकडो लोक आपला वेळ देऊन सही डाव्या हाताची की उजव्या हाताची हे तपासतात, यापेक्षा मोठे प्रेम एखाद्या मालिकेला कोणते मिळणार? त्या लक्षपूर्वक पाहणाऱ्यांनाच आपण शिक्षा केली. पहिल्या पर्वात लक्ष देण्याचे फळ मिळत असे. आता लक्ष देणारा माणूसच सर्वांत जास्त फसवला जातो.

न्यायवैद्यक तपशिलांची हेळसांड हाही याच बेफिकिरीचा भाग आहे. दुसऱ्या भागात सीसीटीव्हीचे अंधुक चित्र मोठे करत करत चष्म्याच्या काचेतील प्रतिबिंबातून गाडीचा क्रमांक वाचला जातो. जे तपशील चित्रात मुळात टिपलेच गेलेले नाहीत, ते चित्र कितीही मोठे केले तरी त्यातून निघत नाहीत. डीएनएचा निकाल तपास अधिकारी जिना उतरेपर्यंत हातात येतो, वास्तविक जलद चाचणीच्या यंत्रांनाही साधारण दीड तास लागतो आणि नेहमीच्या प्रयोगशाळेत याहून कितीतरी अधिक. सातव्या भागात तर एकसारख्या जुळ्या भावांच्या बोटांचे ठसेही सारखेच असतात, असे प्रयोगशाळेतील तज्ज्ञाच्याच तोंडी घातले आहे आणि संपूर्ण उलगडा त्यावर उभा केला आहे. हे चूक आहे. नेहमीच्या डीएनए चाचणीत असे जुळे वेगळे ओळखता येत नाहीत हे खरे, परंतु बोटांवरील रेषा गर्भात घडताना प्रत्येकाच्या वेगळ्या घडतात, आणि म्हणूनच अशा प्रकरणात ठसे हाच सर्वांत उपयोगी पुरावा ठरला असता. एका दूरध्वनीवर कोणत्याही जाणकाराने ही चूक दाखवून दिली असती. जी मालिका मेणबत्तीच्या वाकण्यापर्यंत विचार करत होती, तिच्या संहितेवरून कोणा तज्ज्ञाची नजर आता फिरत नसावी, हेच यातून दिसते.

तपास अधिकाऱ्याच्या वैयक्तिक आयुष्याविषयी थोडक्यात लिहिते. चौथ्या पर्वापासून प्रत्येक गुन्ह्याचे धागे त्याच्या वडिलांच्या मृत्यूपाशी आणि एका सर्वव्यापी कटापाशी नेऊन बांधले जातात. त्यामुळे ज्या माणसाचा खून झाला, तो कोण होता, कोणाला हवा होता, कोणाला नकोसा झाला होता, हे सांगायला वेळच उरत नाही. पूर्वी भाग संपल्यावर मृत व्यक्तीही ओळखीची झालेली असे. महिला सहायक अधिकाऱ्यांचे पात्र, ज्यांची निरीक्षणे अनेकदा मुख्य अधिकाऱ्याच्या पुढे असत, आता केवळ ‘म्हणजे काय, सर?’ असे विचारण्यापुरते उरले आहे. त्या अभिनेत्रीच्या क्षमतेवर हा अन्याय आहे, आणि ते पात्र घडवणाऱ्या मूळ लेखकांवरही.

जाहिरातीबाबत दोन तक्रारी आहेत. सहाव्या पर्वाच्या प्रोमोमध्ये ‘मूळ चमूसह’ असे ठळकपणे सांगितले होते, प्रत्यक्षात श्रेयनामावलीत पहिल्या तीन पर्वांतील एकाही लेखकाचे नाव नाही. मूळचे आहेत ते फक्त कलाकार. दुसरे म्हणजे, पुढील भागाच्या झलकीत आपण कोण जिवंत राहणार आणि कोणाला अटक होणार हे सरळ दाखवता. रहस्य विकणाऱ्यानेच ते आदल्या आठवड्यात उघड करावे, हे अनाकलनीय आहे.

यावर माझ्या अपेक्षा अवाजवी नाहीत. सातव्या पर्वाचे काम सुरू असल्याचे आपण जाहीर केले आहे, तर चित्रीकरणापूर्वी प्रत्येक संहिता एका न्यायवैद्यक जाणकाराकडून तपासून घ्यावी, आणि लेखनाशी संबंध नसलेल्या एखाद्या वाचकाला उलगड्याआधीची पाने देऊन गुन्हेगार शोधता येणे शक्य आहे की नाही हे पाहावे. भागांची संख्या निम्मी केली तरी चालेल, आम्ही थांबू. ठरलेला शेवट प्रेक्षकांच्या अंदाजामुळे बदलला जाणार नाही, असे आपण जाहीरपणे सांगावे. ‘मूळ चमूसह’ हा दावा जेथे जेथे अजून दिसतो तेथून तो काढून टाकावा.

या पत्राला ठरावीक मजकुराचे उत्तर न पाठवता, वरील मुद्द्यांवर आपले म्हणणे लेखी कळवावे, अशी विनंती आहे. मालिका यापुढे सहाव्या पर्वाच्याच पद्धतीने चालवण्याचे आपण ठरवले असेल, तर तेही स्पष्ट लिहावे, म्हणजे वर्गणीच्या नूतनीकरणाचा निर्णय मला त्यानुसार घेता येईल. पहिल्या तीन पर्वांचे भाग मात्र, सातव्या पर्वाचे काहीही झाले तरी, आपल्या संग्रहातून काढू नयेत.

कळावे,

आपली विश्वासू,
एक वर्गणीदार प्रेक्षक