तात्या, उतार शिकवल्याबद्दल

तात्या, सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही विषय बदलता. टायरची हवा बघितलीस का, तिकडं पाऊस लागलाय का, असं काहीतरी काढता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. दुसरंही एक कारण आहे. ऑफिस सोडून ट्रक चालवतो म्हटल्यावर लोक विचारतात, कुठं शिकलास? एखाद्या संस्थेचं नाव येईल अशी त्यांची अपेक्षा असते. मी सांगतो, दहिवडीकडच्या एका माणसानं शिकवलं. त्यावर लोकांना पुढं काय विचारावं ते सुचत नाही. त्यांच्यासाठीही हे लिहितोय.

मी पुण्यात मोटार विम्याच्या दाव्यांचं काम करायचो, हे तुम्हाला माहीतच आहे. अपघात झाला की फाइल यायची. सर्व्हेअरचा अहवाल, पंचनामा, चेपलेल्या केबिनचे फोटो, गाडीची कागदपत्रं. त्या फाइलीत ड्रायव्हर म्हणजे लायसन्सचा एक नंबर आणि मुदतीची तारीख. लायसन्स खरं आहे का, त्याच प्रकारच्या गाडीचं आहे का, मुदत संपलेली नाही ना, एवढंच आम्ही तपासायचो. माणूस किती तास जागा होता, गाडी कोणत्या गिअरमध्ये होती, याला रकानाच नव्हता. कारणाच्या जागी बहुतेक वेळा दोनच शब्द असायचे: ब्रेक फेल.

हे दोन शब्द मी लहानपणापासून ऐकत आलोय. आमचं गाव खंडाळा तालुक्यातलं, साताऱ्याच्या खंडाळ्याचं. खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडं निघालं की जो उतार लागतो आणि त्यावर ते इंग्रजी एससारखं वळण, तिथला अपघात म्हणजे आमच्याकडं घरातलीच बातमी. माणसं धावत जायची, जखमींना बाहेर काढायची. रात्री ओट्यावर बोलणं चालायचं, ब्रेक फेल झाला म्हणे. दरवेळी ब्रेकच कसा फेल होतो, असं कुणीच विचारत नव्हतं. ते पहिल्यांदा तुमच्या शेजारी बसल्यावर कळलं.

नोकरी वाईट नव्हती. पगार वेळेवर यायचा, माणसंही चांगली होती. पण मी ज्या गाड्यांबद्दल लिहायचो त्या मला चालवायच्या होत्या. एका जागी माल भरावा, ताडपत्री ओढावी, दुसऱ्या जागी खाली करून सही घ्यावी आणि काम झालं म्हणावं, असं काहीतरी हवं होतं. यापेक्षा मोठं कारण आजही माझ्याकडं नाही, आणि तुम्ही ते कधी मागितलंही नाही.

हलक्या गाडीचं लायसन्स निदान वर्षभर जुनं असल्याशिवाय माल वाहायच्या गाडीचं शिकाऊ लायसन्स मिळत नाही. माझं ते होतं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, सपाट रस्त्यावर रिकामा ट्रक फिरवला, टेस्ट दिली, अवजड वाहनाचं लायसन्स हातात आलं. मग मालकांकडं गेलो तर सगळीकडं एकच प्रश्न, गाडी कुणाच्या हाताखाली मारलीस? भरलेली गाडी नवख्याच्या हातात कुणी देत नाही, आणि हातात आल्याशिवाय नवखेपण जात नाही. या खिंडीतून किती पोरं मागं फिरत असतील! तुम्ही मात्र ट्रान्स्पोर्टच्या ऑफिसबाहेर माझ्याकडं वरून खालपर्यंत बघितलंत आणि विचारलंत, "टायर खोलता येतो?" मी म्हटलं, शिकेन. "मग पहाटं ये." शिक्षण, आधीचा पगार, नोकरी का सोडली, यातलं काहीच विचारलं नाहीत.

आधी काही महिने तुम्ही मला स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. किन्नर, म्हणजे ड्रायव्हरचा गाडीवरचा मदतनीस, म्हणून घेतलंत आणि किन्नरचं सगळं काम करून घेतलंत. निघायच्या आधी टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, प्रत्येक टायर वाजवायचा, आवाज भरीव आला पाहिजे. मागच्या जोडटायरमध्ये दगड अडकलाय का बघायचं, चालताना तो उडून मागच्या मोटारसायकलवाल्याला लागू शकतो. नट हातानं चाचपायचे. स्प्रिंगच्या पाट्यांना चीर पडलीय का, हे वाकून बघायचं. ब्रेकच्या हवेच्या टाकीतलं पाणी काढून टाकायचं. साखरेच्या पन्नास किलोच्या पोत्यांवर ताडपत्री टाकताना तिची घडी पुढून मागं अशीच घ्यायची, म्हणजे वारा आत शिरत नाही आणि पाऊसही. रस्सी आवळताना तुम्ही मागं उभे राहायचात, गाठ बघायचात आणि सैल असेल तर एकही शब्द न बोलता सोडून टाकायचात. मी परत बांधायचो. गाडी मागं घेताना किन्नरनं ड्रायव्हरला आरशात दिसेल अशा जागीच उभं राहायचं, हा नियम तुम्ही सगळ्यात कडकपणे पाळायला लावलात. आज मी कुणालाही गाडीच्या थेट मागं उभं राहू देत नाही.

आणि मग उतार.

सांगलीकडची साखर वाशीच्या बाजारात न्यायची म्हणजे एकाच खेपेत तीन उतार लागतात. खंबाटकीच्या बोगद्यानंतरचा, कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा, आणि बोरघाट. मला वाटलेलं, तुम्ही बोरघाटाची भीती घालाल. तुम्ही गाडी कात्रजच्या बोगद्याच्या अलीकडं कडेला घेतलीत आणि म्हणालात, "घाटाला समदी भित्यात. हितं कुणी भीत न्हाई." तो उतार डोळ्यांना उतार वाटतच नाही. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना शहर, लांबवर मंद ढाळ. डिझेल वाचेल म्हणून गाडी न्यूट्रल करावीशी वाटते ती इथंच. काहीजण इंजिनही बंद करतात.

पुढचं तुम्ही मला जितकं सविस्तर समजावलंत, तितकं मला आमच्या सर्व्हेअरच्या कुठल्याच अहवालात वाचायला मिळालं नव्हतं. तीन ॲक्सलच्या दहा चाकी गाडीला २०१८ पासून मालासकट साडेअठ्ठावीस टनांची परवानगी आहे. एवढं वजन न्यूट्रलमध्ये ढाळाला लागलं की त्याला धरणारं इंजिन मध्ये उरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. पाय पुन्हा पुन्हा दाबला की चाकातले ब्रेकचे ड्रम तापतात, त्यांना आतून घासणारा लायनर जळल्याचा वास येतो आणि तापलेला लायनर धरतच नाही. आमचे ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर. इंजिन बंद केलं की प्रत्येक दाबाला टाकीतली हवा कमी होत जाते, नव्यानं भरत नाही. पॉवर स्टेअरिंगही जातं, चाक हाताला वळेना होतं. तेव्हा पुलाजवळ गाड्यांची रांग लागलेली असते. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथं एका ट्रकनं डझनावारी गाड्या ठोकरल्या, ते सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर बघितलं. त्यानंतरही तिथले अपघात थांबलेले नाहीत.

"बिरीक फेल हुत न्हाई," तुम्ही म्हणालात, "वर असतानाच त्येला मारत्यात." आणि मला तो नियम दिलात: ज्या गेरात ही गाडी हा ढाळ चढंल, त्याच गेरात तो उतरायचा. गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा, मध्यावर गेल्यावर नाही, कारण तेव्हा तो पडेलच याचा भरवसा नसतो. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून गाडी धरणारा ब्रेक, आधीपासून लावून ठेवायचा. पायाचा ब्रेक थोडा वेळ पण नीट दाबायचा आणि सोडायचा, नुसता पाय टेकवून ठेवायचा नाही. हवेच्या काट्यावर एक डोळा. मागून कुणी कितीही हॉर्न मारू दे.

मला पहिल्यांदा भरलेली गाडी तिथं उतरवायला दिलीत तेव्हा तुम्ही शेजारी बसून फक्त काटा बघत होतात. मागं हॉर्नचा गोंगाट चालला होता, एक कारवाला शेजारी येऊन हातवारे करून गेला. पुलापाशी आल्यावर तुम्ही म्हणालात, "ड्रमाला हात लाव जा." गाडी बाजूला घेऊन खाली उतरलो, हात जवळ नेला. कोमट. माझ्या शिक्षणाची सगळी प्रमाणपत्रं मी घरी एका फायलीत ठेवली आहेत. त्यांच्यापेक्षा मला तो कोमट ड्रम मोलाचा वाटतो, हे मी इथं सगळ्यांसमोर सांगतो.

झोपेचंही तसंच. मध्यरात्र उलटून गेल्यावर डोळे जड झाले की तुम्ही जागा बघून गाडी लावता, चाकाखाली लाकडी ठोकळा टाकता आणि झोपता. मालकाचा फोन आला तर "गाडी लावलीया" एवढंच उत्तर. मी एकदा तुम्हाला १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा वाचून दाखवला होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. तुम्ही नीट ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हंजी आपुन करतोय ते कायद्यातच हाय." तो कायदा साठ वर्षांहून जुना होता, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली; आणि तो पाळत होते ते तुमच्यासारखे, ज्यांना तो कुणी सांगितलेला नव्हता. ज्या मालकांना माहीत होता त्यातले किती पाळत होते, हे रात्री दोन वाजता कुठल्याही हमरस्त्यावर उभं राहिलं की दिसायचं. याचा मला अजून राग येतो.

तुमच्याकडून मी घेत राहिलो, त्यात थोडंसं परत देता आलं ते कागदांमुळं. बिल्टी म्हणजे मालाची पावती, ई-वे बिल म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना, फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी. ई-वे बिलाला दोनशे किलोमीटरला एक दिवस मिळतो हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, पण गाडी बिघडून अडकली तर मुदत वाढवून घेता येते, आणि ती संपायच्या आठ तास आधीपासून संपल्यावर आठ तासांपर्यंत, हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही वहीत लिहून घेतलंत. इतकी वर्षं गाडी मारलेला माणूस कालच्या पोराचं ऐकून वहीत लिहितो, हे मी ऑफिसात कधी बघितलं नव्हतं.

आता घरचं. आमच्या आबांना माझा निर्णय लागला होता. ते माझ्याशी बोलत होते, पण लोकांत माझ्याबद्दल बोलायचं टाळत होते. भावकीत एकजण म्हणालाही, शिकवून ड्रायव्हरच करायचा होता तर शिकवलंत कशाला. तुम्हाला मी हे सांगितलं नव्हतं, तरी तुम्ही ओळखलंत. परतीच्या खेपेला कळंबोलीहून सळई भरून येताना तुम्ही गाडी हमरस्त्याला लावलीत आणि आमच्या घरी आलात. आबांच्या शेजारी सतरंजीवर बसलात, पावसापाण्याचं बोललात, माणच्या दुष्काळाचं बोललात, जेवलात. जाताना आबांना म्हणालात, "तुमचं पोरगं गाडी सावकाश उतरवतंय. माझ्या घरच्यास्नी मी त्याच्या गाडीत बशिवतो." दुसरं काही नाही. त्यानंतर आबा पारावर माझ्याबद्दल बोलायला लागले. आता माझी गाडी कुठं आहे हे ते मला फोन करून विचारतात आणि चारचौघांत सांगतात.

बोरघाटात तुम्ही मला शिंग्रोबाची गोष्ट सांगितली होती. इंग्रजांना घाटातून वाट सापडत नव्हती, ती एका धनगरानं दाखवली, आणि त्याला बक्षीस म्हणून गोळी मिळाली, असं लोक सांगतात. जुन्या रस्त्यानं गाडी असायची तेव्हा त्याच्या देवळाशी नाणं टाकल्याशिवाय तुम्ही पुढं जात नव्हतात. गोष्ट सांगून झाल्यावर तुम्ही गप्प झालात आणि मी तुमच्याकडं बघत राहिलो. या राज्यातली साखर, कांदा, सिमेंट, सळई, औषधं घाटांतून खाली सुखरूप उतरवणारी जी माणसं आहेत, त्यांची नावं कुठं लिहिलेली नसतात. काही गडबड झाली तरच लायसन्सचा नंबर फाइलीत येतो. तुमची एकही फाइल माझ्या टेबलावर कधी आली नाही, तात्या. येणारही नव्हती. इतकी वर्षं चाललेल्या त्या चांगल्या कामाची नोंद कुणाकडंच नाही, म्हणून ती मी इथं करतोय.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. ते वाचलं तेव्हा आधी तुमची आठवण आली. एप्रिल-मेमध्ये इंजिनाच्या उष्णतेत पाय भाजत तुम्ही किती उन्हाळे काढलेत! हे आधी व्हायला हवं होतं. आता तुमचे गुडघे क्लच दाबू देत नाहीत आणि तुम्ही घरी बसलाय, म्हणून तर जास्तच वाटतं.

काकूंचेही आभार. बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी त्या आपल्या दोघांसाठी बांधून द्यायच्या, मी कोण कुठला हे न विचारता.

येत्या आठवड्यात सळई घेऊन कोल्हापूरला निघायचंय. येताना रिकामाच आहे, साताऱ्यात गाडी लावून एसटीनं दहिवडीला येतो. तुमच्या डोळ्यांच्या तपासणीचे कागद काढून ठेवा, सोबत बघू. काकूंना सांगा, जेवायलाच येतोय.

तुमचा शागीर्द