क्राकूफच्या घरमालकीणबाईंस, उशिराने

सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही हे ठाऊक असूनही ते मी मराठीत लिहीत आहे, कारण ‘तुझ्या लोकांपैकी कोणी क्राकूफला येणार असेल, तर निदान शेवंतीची कुंडी घेऊन त्याला कोणाच्या दारात जाऊ देऊ नकोस’ असे निघताना तुम्हीच मला बजावले होते. तुमच्यासाठी याचे पोलिश भाषांतर वेगळ्या टपालाने पाठवीत आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस मी तुमच्या घरी भाडेकरू म्हणून आले आणि जानेवारी संपताना निघाले. या तीन महिन्यांत तुम्ही मला जे शिकवलेत, त्याचे आभार मानायला मी एवढा वेळ लावला, त्यालाही तुमचीच शिकवण कारणीभूत आहे. ते ओघात येईलच.

पहिल्या दिवसाची आठवण आली की मला अजून ओशाळल्यासारखे होते. स्टेशनवरून येताना जिकडेतिकडे पिवळ्या-पांढऱ्या शेवंतीच्या टपोऱ्या कुंड्या विकायला मांडलेल्या दिसल्या. शेवंती म्हणजे आमच्याकडे देवाची, वेणीची, गौरीगणपतीची फुले. म्हणून त्यांतली सर्वांत भरगच्च कुंडी निवडून मी ती मोठ्या हौसेने तुमच्यापुढे धरली. तुम्ही ती हसतमुखाने घेतलीत आणि खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेवलीत. तीन दिवसांनी, १ नोव्हेंबरला, तीच कुंडी हातात घेऊन तुम्ही मला राकोवित्स्की दफनभूमीत नेलेत, तेव्हा मला उलगडा झाला. तुमच्या देशात शेवंती मृतांची असते. त्या संध्याकाळी सारे शहर आपापल्या माणसांच्या कबरी पुसायला, त्यांवर फुले वाहायला आणि झाकणाच्या काचेच्या दिव्यांत मेणबत्त्या लावायला लोटले होते. तुम्ही तुमच्या यजमानांच्या कबरीवरचा पाचोळा हातमोजा काढून उघड्या हाताने सारलात, माझी कुंडी मधोमध ठेवलीत आणि ‘त्यांना पिवळाच रंग आवडायचा’ एवढेच म्हणालात. माझी चूक याहून हळुवारपणे कोणी पदरात घेतली असती असे मला वाटत नाही. फुले न्यायचीच झाली तर ती विषम संख्येत न्यावीत, सम संख्या अंत्ययात्रेसाठी, हेही त्याच दिवशी परतताना ट्राममध्ये तुम्ही सांगितलेत. आहेराच्या पाकिटात शंभरावर एक रुपया घालणाऱ्या माणसाला ते लगेच पटले.

उंबऱ्याचेही तसेच. मी दारात उभी राहून हात पुढे केला, तेव्हा तुम्ही दोन पावले मागे सरलात आणि मला आत ओढून मगच हात मिळवलात. उंबऱ्यावरून हात मिळवणे पोलंडमध्ये अशुभ मानतात. आमची आजी उंबऱ्यावरून साधे विरजणसुद्धा कोणाला देत नसे. बूट दारातच काढून घरातल्या सपाता घालाव्यात, हे मात्र मला कोणी सांगावे लागले नाही.

तुम्हाला ‘पानी’ म्हणून हाक मारायला मी आठवडाभर बिचकत होते. पोलिशमध्ये हा बाईंसाठीचा आदरार्थी शब्द आहे, पण हिंदी ऐकत वाढलेल्या कानाला आपण दर वेळी पाणी मागतो आहोत असेच वाटते. शिवाय या शब्दाबरोबर क्रियापद तृतीय पुरुषी लागते, म्हणजे समोर बसलेल्या व्यक्तीलाच ‘बाईंना चहा हवा का?’ असे विचारायचे. ‘महाराजांनी आसनस्थ व्हावे’ या थाटाची सवय असलेल्या मराठी माणसाला हे व्याकरण फारसे जड जाऊ नये. जड गेले ते तुमचे दूरध्वनीवरचे ‘नो, नो, नो’. तुम्ही बहिणीशी रोज भांडता अशी माझी समजूत झाली होती. बोलीत त्याचा अर्थ ‘हो, हो, हो’ असा असतो हे कळायला नोव्हेंबरचा मध्य उजाडला.

आता मूळ मुद्दा, तुमच्या भाषेतल्या आभारांचा. ‘जेन्कुये’ हा मी शिकलेला पहिला पोलिश शब्द, आणि त्यानेच मला सर्वांत जास्त गोत्यात आणले. एका उपाहारगृहात बासष्ट झ्लॉटींचे बिल झाले, मी शंभराची नोट देताना सभ्यपणे ‘जेन्कुये’ म्हणाले, आणि वाढणारी मुलगी प्रसन्न हसून जी गेली ती उरलेले पैसे घेऊन परतलीच नाही. मी तणतणत घरी आले, तेव्हा तुम्ही पोट धरून हसलात. पैसे हातात देताना ‘जेन्कुये’ म्हटले की ‘उरलेले राहू द्या’ असा त्याचा अर्थ घेतात. सुटे परत हवे असतील तर ते हाती पडेपर्यंत आभार मानायचे नसतात. त्याच आठवड्यात तुम्ही बटाटा आणि ताज्या पनीरसारख्या चीजचे सारण भरलेल्या प्येरोगी वाढत होतात. ‘आणखी?’ असे तुम्ही विचारल्यावर मी तोंडभर ‘जेन्कुये’ म्हणाले आणि ताट समोरून उचलले गेले. तिथे नुसते आभार म्हणजे ‘नको’. हवे असेल तर ‘प्रोशे’ म्हणावे. माझ्या परीक्षेच्या सकाळी तुम्ही शुभेच्छा दिल्यात, तेव्हाही मी पुन्हा तोच शब्द उच्चारणार होते, पण तुम्ही बोट ओठांवर ठेवलेत. यशासाठीच्या शुभेच्छांवर ‘आभार मानत नाही’ असे म्हणायचे असते, नाहीतर दृष्ट लागते. ‘आभार मानून परके करू नका’ असे म्हणणाऱ्या घरात वाढूनही आभारांची एवढी पथ्ये मी कधी पाळली नव्हती.

शाकाहारी म्हणून मी तुमच्या शहरात उपाशी राहीन ही माझ्या आईची धास्ती तुम्ही मला मिल्क बारची वाट दाखवून दूर केलीत. ही साधी, स्वस्त खानावळ. गल्ल्यावर सांगायचे, पैसे भरायचे, चिठ्ठी स्वयंपाकघराच्या खिडकीत द्यायची आणि जेवून झाल्यावर ताट स्वतः नेऊन ठेवायचे. प्येरोगीवर चरबीचे तळलेले तुकडे घालण्याची पद्धत आहे, ते नकोत असे आधीच सांगावे, आणि ‘झुरेक’ हे आंबवलेल्या राईच्या पिठाचे सूप कढीसारखे दिसले तरी त्यात बहुधा सॉसेज असते, ही तुमची सूचना मी येथे मुद्दाम नोंदवते, कारण कढीच्या मोहाने त्यात फसणारी मी शेवटची मराठी व्यक्ती नसेन.

पण माझी खरी भूक भागवली ती ओब्वाझानेकने. सकाळी चौकातल्या निळ्या गाडीवरून तुम्ही पहिला आणलात, तेव्हा मी त्याला पावाची बांगडी म्हणाले होते. कणकेच्या दोन वळ्या एकमेकींभोवती पिळून त्यांचे कडे करायचे, ते आधी पाण्यात उकळायचे आणि मग भाजायचे. त्यामुळे वरून तकतकीत, आतून चिवट-मऊ. वर मीठ, तीळ किंवा खसखस. युरोपीय संघाने २०१० मध्ये त्याला भौगोलिक मानांकन दिले आहे. तुमचा नियम त्याहून सोपा होता: सकाळचा ओब्वाझानेक संध्याकाळी विकत घेऊ नये, आणि दुसऱ्या दिवशीचा तर कबुतरांनाच द्यावा.

मारियात्स्की चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला चार दिशांना वाजणारी आणि मध्येच तुटणारी तुतारीची धून सर्व प्रवासी ऐकतात, तेव्हा तिच्याविषयी मी लिहीत नाही. डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी कवी मित्सक्येविच यांच्या पुतळ्याच्या पायऱ्यांवर मांडतात त्या ‘शोप्का’ पाहायला मात्र तुम्ही मला कामावर दांडी मारायला लावलीत, हे बरे केलेत. येशूजन्माचा देखावा, पण गोठ्याऐवजी क्राकूफचेच मनोरे आणि घुमट, पुठ्ठ्याचे आणि रंगीत चकचकीत कागदाचे. ही स्पर्धा १९३७ पासूनची, आणि २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत ही परंपरा गेली. एक आजोबा चिमट्याने बोटभर उंचीच्या खिडकीला सोनेरी कागद चिकटवत होते, आणि मला दिवाळीतला आमच्या अंगणातला किल्ला आठवला; फरक इतकाच, की आमचा मावळा नेहमी बुरुजापेक्षा मोठा असायचा.

आई नाताळच्या आधी आली. ती कोल्हापूरची, हे कळताच तुम्ही ‘वळिवडे’ हा शब्द उच्चारलात, तोही आमच्यापेक्षा सावकाश आणि जपून. दुसऱ्या महायुद्धात विस्थापित झालेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. फाळणीनंतर त्या जागी सिंधी निर्वासितांचे गांधीनगर वसले. दर दिवाळीला आम्ही त्या गांधीनगरात कापड घ्यायला जात होतो, आणि ही गोष्ट आम्हाला तुमच्या स्वयंपाकघरात कळावी याची आईला फार लाज वाटली.

२४ डिसेंबरच्या रात्री, पहिली चांदणी दिसल्यावरच, विगिल्याचे जेवण सुरू झाले. टेबलावरच्या पांढऱ्या कापडाखाली वाळलेले गवत, आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक मोकळे ताट. त्या मोकळ्या ताटावर तुम्ही आईला बसवले नाहीत. ‘ती आमंत्रित आहे, हे ताट जो आलेला नाही त्याचे,’ असे म्हणून तिच्यासाठी तुम्ही वेगळे ताट मांडलेत. आधी ओप्वातेक ही कागदासारखी पातळ पोळी हातात घेऊन प्रत्येकाने प्रत्येकाच्या पोळीचा तुकडा मोडला आणि शुभेच्छा दिल्या. आईने मराठीतच ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ म्हटले, आणि ते बरोबरच होते. मग बारा पदार्थ. त्यात मांस नाही, पण मासा आहे. आमच्याकडेही माशाला जलतुरई म्हणून सोयीस्कर नाव देणारे आहेतच. अळंब्यांच्या सारणाचे ‘कान’ सोडलेले बीटचे लालभडक सार आईने दोनदा घेतले, ‘प्रोशे’ म्हणून. खसखशीचा गुंडाळलेला केक तिने अनारशाच्या नातेवाइकांत जमा केला. वर्षभर पैसा टिकावा म्हणून कार्प माशाचे एकेक खवले पाकिटात ठेवायला तुम्ही सर्वांना दिलेत. आईने स्वतःच्या वाट्याचे नम्रपणे माझ्याच पाकिटात सरकवले. दोन्ही खवली अजून तिथे आहेत. पैशाबद्दल अद्याप काही सांगण्यासारखे नाही.

जानेवारीच्या अखेरीस मी व्रोत्सवाफला निघाले, तेव्हा तुम्ही खिडकीतल्या आंगिन्काची, म्हणजे त्या सुवासिक जिरेनियमची, एक फांदी तोडून ओल्या कापडात गुंडाळून दिलीत. कान दुखला तर पान चुरगाळून कानाच्या तोंडाशी धरावे, असेही सांगितलेत. मी तोंड उघडताच तुम्ही पुन्हा ओठांवर बोट ठेवलेत. दिलेल्या रोपाबद्दल आभार मानले तर ते लागत नाही. म्हणून मी स्टेशनवर तुम्हाला नुसती मिठी मारली आणि डब्यात चढले, इतर कशाचेही आभार न मानता, कारण एकाचे मानायचे आणि दुसऱ्याचे राखायचे हे मला जमले नसते.

फेब्रुवारीभर ती फांदी ग्लासातल्या पाण्यात नुसती उभी होती. मार्चमध्ये तिला पांढरी मुळे फुटली, मी ती कुंडीत लावली, आणि गेल्या रविवारी तिला तिसरे नवे पान आले. बोटांनी चुरल्यावर तुमच्या स्वयंपाकघरासारखा वास येतो. रोप लागले आहे. तेव्हा आता म्हणायला हरकत नसावी: जेन्कुये.

आपली नम्र,
वरच्या खोलीतली भाडेकरू