अनुदान घ्या, पण पस्तिशीची अट काढा

महोदय,

तरुणांना आस्थापनांत कामाचं प्रशिक्षण आणि सरकारी विद्यावेतन देणाऱ्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेवरची बातमी कालच्या अंकात वाचली आणि रात्रभर डोक्यात तेच घोळत राहिलं. मुलांना विद्यावेतन मिळालं याचं कौतुक तुम्ही केलंत, ते योग्यच आहे. पण त्याच आस्थापनांच्या फाटकावरून जे परत फिरले त्यांच्याबद्दल बातमीत एक ओळ नाही. मी त्यांच्यातलाच एक, म्हणून लिहितो आहे.

मी टर्नर आहे, म्हणजे लेथ यंत्रावर धातूचे भाग कातणारा कामगार. १९९१ साली आयटीआय झालो, अ‍ॅप्रेंटिसशिप केली आणि पुढे सत्तावीस वर्षं वाळूजला एकाच कंपनीत लेथवर उभा राहिलो. २०२० मध्ये कंपनी बंद पडली. आज माझं वय ५२ आहे.

२०२४च्या दिवाळीआधी एका कारखान्यात जागा असल्याचं कळलं. सुपरवायझरने ट्रायल घेतली. शाफ्टचा जॉब होता, वीस मायक्रॉनचा टॉलरन्स, म्हणजे मापात तेवढाच फरक चालणार. त्याने मायक्रोमीटर लावून दोनदा मोजला आणि म्हणाला, “उद्यापासून या, वर ऑफिसात फॉर्म तेवढा भरा.” वर गेलो. फॉर्मवर जन्मतारीख पाहून तिथली मुलगी थांबली. आत जाऊन विचारून आली. “काका, पस्तीसच्या आतलेच घ्यायचे आहेत. आता योजनेतली मुलं येणार आहेत.” मला पाणी दिलं, जिन्यापर्यंत सोडायला आली. तिच्यावर माझा राग नाही. पण खाली उतरताना तो सुपरवायझर समोर आला आणि आम्ही दोघांनीही मान खाली घातली. तो क्षण अजून जात नाही.

यामागचा हिशेब सरळ आहे. योजनेची वयोमर्यादा १८ ते ३५. बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार. हे पैसे सरकार थेट मुलाच्या खात्यात टाकतं, मालकाच्या खिशाला झळ नाही. मग पूर्ण पगार देऊन ५२ वर्षांच्या माणसाला कोण घेईल? मालकाने माझं वय पाहिलं हे खरं, पण तसं पाहण्याची सोय सरकारच्या पैशाने करून दिली.

मी तरुणांच्या विरोधात नाही, कृपया तसा अर्थ काढू नका. आमच्याच गल्लीतला एक मुलगा या योजनेत सहा महिने एका कारखान्यात होता. थ्रेड कटिंगला, म्हणजे आटे पाडायला, गिअर कसे लावायचे, हे विचारायला तो संध्याकाळी माझ्याकडे यायचा, कारण तिथे शिकवायला कुणाला वेळ नव्हता. मी वहीत आकृती काढून शिकवलं. पोरगा हुशार आहे, हात चांगला आहे. मुदत संपल्यावर तोही घरी बसला. त्याच्या जागी दुसरा आला असेल.

सरकारला पैशाबरोबर अटी घालता येत नाहीत असं कुणी सांगू नये. राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून आहे. राज्य जीएसटीचा परतावा, वीज शुल्कात माफी, मुद्रांक शुल्कात माफी, हे सगळं उद्योगांना तिच्यातून मिळतं. ते घेणाऱ्याने किमान ८० टक्के आणि पर्यवेक्षकीय जागांवर किमान ५० टक्के स्थानिक माणसं घ्यावीत, अशी अट सरकारने घातलेलीच आहे. मग त्याच कागदावर आणखी एक ओळ का नको? जो उद्योग जनतेच्या पैशातून सवलत घेतो, त्याने काम येणाऱ्या माणसाला निव्वळ वयावरून परत पाठवू नये. अमेरिकेत चाळिशी ओलांडलेल्या कामगाराला वयावरून नाकारू नये असा कायदा १९६७ साली झाला. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या मालकांना तो लागू आहे. १९७५ साली आणखी एक कायदा आला: तिथल्या केंद्र सरकारची आर्थिक मदत घेणाऱ्या कार्यक्रमांत वयाच्या कारणाने कुणाला लाभ नाकारायचा नाही. तिथेही सगळं गोड असेल असं मी म्हणत नाही. पण निदान दाद मागायला दार आहे. आपल्याकडे खासगी कारखान्याने वयावरून नाकारलं तर मी कोणत्या कलमाखाली अर्ज करू? राज्यघटनेचं सोळावं कलम धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांची नावं घेतं, वयाचं घेत नाही, आणि तेही सरकारी नोकरीपुरतंच.

“स्वतःचा धंदा करा,” हा सल्ला मला रोज मिळतो. तोही करून पाहिला. २०२१ मध्ये जुना लेथ घेण्यासाठी, धंद्याच्या कर्जावर अनुदान देणाऱ्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी केली. तेव्हा कमाल वय ४५ होतं, मी ४८चा. केंद्राच्या अशाच कार्यक्रमाला वरची मर्यादा नाही असं कळल्यावर तिकडे अर्ज केला. बँकेत फाइल गेली. साहेबांनी विचारलं, “या वयात हप्ते फेडणार कोण?” फाइल तिथेच राहिली.

भविष्य निर्वाह निधीची पूर्ण पेन्शन ५८व्या वर्षी सुरू होते. तिची किमान रक्कम २०१४ पासून महिना १००० रुपये आहे, ती वाढावी म्हणून म्हातारे कामगार वर्षानुवर्षं मोर्चे काढताहेत. ती मिळेल तेव्हा मिळेल. ५२ ते ५८ ही सहा वर्षं कशी काढायची, एवढंच मला कुणीतरी सांगावं.

आता थोडं तुमच्याबद्दल, राग मानू नका. परवाच्या अंकात छोट्या जाहिरातींच्या पानावर एक जाहिरात होती: लेथ ऑपरेटर पाहिजे, अनुभव १० वर्षे, वय ३० पर्यंत. अशी जाहिरात पैसे घेऊन छापण्याआधी तुमच्या कचेरीत कुणी वाचतं का? पाहिजे तर अनुभव पंधरा वर्षांचा मागा, ट्रायल दोनदा घ्या, पण वयाचा आकडा छापू नका. एवढं तर वर्तमानपत्राला सरकारची वाट न पाहता करता येईल.

त्या जाहिरातीतल्या नंबरवर मी काल सकाळी फोन केला होता. पलीकडून आधी वय विचारलं, अनुभव विचारलाच नाही.

आपला,
एक टर्नर, बजाजनगर, वाळूज